मुंबईत नवी सनद घेतलेल्या वकिलांसाठी: गरजूंची मोफत वकिली कुठून आणि कशी सुरू करावी

लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली किंवा नुकतीच सनद (वकिलीचा परवाना) मिळालेली मुलं-मुली मला नेहमी दोन प्रश्न जोडून विचारतात. गरिबांच्या केसेस मोफत लढवायच्या आहेत, तर सुरुवात कुठे करू? आणि ते करताना माझं घर कसं चालेल? मी फोर्ट, वांद्रे आणि कुर्ल्याच्या कोर्टांत स्वतःची वकिली करता करता विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनलवर (नेमलेल्या वकिलांच्या यादीत) काम केलं आहे. तिथून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोफत केसचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते वकील मधेच गळाल्यामुळे. पहिल्या तारखेला उत्साहाने उभा राहिलेला वकील चौथ्या तारखेला दिसत नाही, आणि पक्षकार बिचारा कोर्टाबाहेरच्या बाकावर फोन लावत बसतो. म्हणून कमी केसेस घ्या आणि घेतलेली प्रत्येक केस शेवटपर्यंत न्या.

1. सनद आणि परीक्षा

मुंबईकरांची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते. जुलै 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 मध्ये ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवारांना 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 125 रुपये. स्टॅम्प ड्युटी लागू असेल तर ती वेगळी. कोणी बाहेरचा माणूस 'लवकर काम करून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून निघून या.

हाताशी ठेवायचे कागद:
- एलएलबीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
- दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन
- जातीचा दाखला (लागू असेल तर)
- नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र
- फोटो आणि शपथपत्र

नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो आधीच निस्तरून घ्या. सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात.

नोंदणीनंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन दोन वर्षांत पास व्हावी लागते. ती लांबणीवर टाकू नका. मुदत उलटली तर वकिलीचा हक्कच थांबतो, आणि त्या वेळी तुमच्या नावावर चालू असलेल्या केसेसमधल्या माणसांचं काय?

अजून सनद नसेल तरी थांबायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, त्यात कायद्याचे विद्यार्थीही असतात. अर्ज लिहून देणं, कागद जमवणं, माणसाला योग्य खिडकीपर्यंत नेणं, ही सगळी कामं तिथे शिकता येतात.

2. सीनियरशी पहिल्याच दिवशी बोला

चेंबर निवडताना मोफत कामाबद्दल उघडपणे विचारा. आठवड्यातला अर्धा दिवस मिळेल का? माझ्या मोफत केसची तारीख आणि तुमच्या मॅटरची तारीख एकाच दिवशी आली तर काय करायचं? काही सीनियर आनंदाने हो म्हणतात, फाईल वाचून चुकाही दाखवतात. काहींना ते चालत नाही. त्यांचंही बरोबर आहे, फक्त ते आधी कळलेलं बरं.

पैशाबद्दलही बोला. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागातल्या ज्युनियरला महिना किमान 20 हजार रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण बोलणी सुरू करायला आकडा मिळतो. मुंबईत खोलीचं भाडं आणि लोकलचा पास भरून काही उरलं, तरच तुम्ही दुसऱ्यासाठी उभे राहाल. स्वतः उपाशी राहून केलेली सेवा फार दिवस टिकत नाही.

ज्याला खरोखर गरजूंचं काम करायचं आहे, त्याने पहिली दोन-तीन वर्षं खालच्या कोर्टात काढावीत असं माझं ठाम मत आहे. हायकोर्टाच्या रिट शिकायला नंतर वेळ मिळतो. उलटतपासणी, जामीन, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामाची कोर्टाची नोंद), पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), नक्कल शाखा (कोर्टाच्या कागदांच्या प्रती मिळतात ती) हे मॅजिस्ट्रेट कोर्टातच अंगवळणी पडतं, आणि गरीब माणसाची गाठ आधी त्याच कोर्टाशी पडते.

3. कोणत्या दारातून आत जायचं

मुख्य दार विधी सेवा प्राधिकरणाचं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली ही यंत्रणा उभी आहे. हा कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. मुंबईत शहर आणि उपनगर अशी दोन वेगळी जिल्हा प्राधिकरणं आहेत, आणि हायकोर्टासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे. पॅनलवर यायला साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते. पॅनल ठरावीक मुदतीने नव्याने बनतं, म्हणून अर्ज मागवल्याच्या सूचनेवर लक्ष ठेवा. पॅनल वकिलाला प्राधिकरण ठरलेली फी देतं. ती मोठी नसते, बिल वेळेवर आणि हजेरीच्या नोंदींसह दिलं नाही तर अडकते. पक्षकाराकडून मात्र एक रुपयाही घ्यायचा नाही, झेरॉक्सचासुद्धा नाही.

तीन वर्षं झाली नसतील तर तीन वाटा आहेत. प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सेल योजनेत (गरजू आरोपींचा बचाव करणारे वकील नेमण्याची योजना) असिस्टंट पदासाठी नव्या वकिलांचाही विचार होतो, पण ते पूर्णवेळ काम आहे आणि त्यासोबत खाजगी वकिली करता येत नाही. दुसरी वाट केंद्र सरकारच्या न्याय विभागाच्या 'न्याय बंधू' उपक्रमाची. तिथे वकील आपलं नाव, कामाचा विषय आणि कोर्ट नोंदवतो आणि गरजू अर्जदाराशी जोडला जातो.

तिसरी वाट संस्थांची, आणि मला तीच सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून तुरुंगातल्या माणसांसोबत काम करतो. त्याच संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा ठिकाणी सामाजिक कार्यकर्ते आधीच घरी जाऊन आलेले असतात. आरोपीची आई कुठे राहते, शेजारी कोण जामीन राहील, नवऱ्याचा पगार खरा किती, हे त्यांना ठाऊक असतं. ही माहिती वकिलाला स्वतःहून मिळत नाही.

4. मोफत वकील कोणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचं कलम 12 पाठ करा. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, महिला, मुलं, अपंग व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, आपत्ती, दंगल किंवा जातीय अत्याचाराचे बळी, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे.

इथे एक चूक वारंवार होते. बाईला सांगितलं जातं, 'आधी तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणा.' तिला त्या दाखल्याची गरजच नाही, ती महिला म्हणून पात्र आहे. ज्यांना उत्पन्नाची अट लागू आहे, त्यांच्यासाठीही कलम 13 म्हणतं की उत्पन्नाबद्दलचं शपथपत्र पुरेसं मानता येतं. दाखल्यासाठी माणसाचा रोज बुडवू नका. लोकांना 15100 हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांकही सांगून ठेवा.

5. पहिली भेट

घाई करू नका. मुंबईत बहुतेकदा एफआयआर मराठीत असतो, अर्ज इंग्रजीत करायचा असतो आणि माणूस हिंदी, भोजपुरी किंवा बंगालीत बोलत असतो. त्याला आधी त्याच्या पद्धतीने सगळं सांगू द्या, मग तारखांचा क्रम लावा. एक पान पुरे: कधी, कुठे, काय झालं, कोणता कागद त्याला आधार आहे.

पक्षकाराकडून मागायचे कागद केसनुसार बदलतात, पण एवढे बहुधा लागतात:
- ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- एफआयआर, नोटीस, समन्स किंवा जुना आदेश, जे असेल ते
- रेशन कार्ड, लाइट बिल
- पगाराची स्लिप किंवा बँकेचं पासबुक
- दोन फोन नंबर: एक स्वतःचा, एक नातलगाचा किंवा शेजाऱ्याचा

दुसरा नंबर विसरू नका. झोपडपट्टीत फोन हरवतात, रिचार्ज संपतं, आणि तारीख पुढे ढकलली गेली हे सांगायला कोणी सापडत नाही.

मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. तिथल्या तिथे फोटो काढून परत द्या. ठेवावेच लागले तर लिहून पोच द्या. केस आधीच चालू असेल तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शोधा आणि ई-कोर्ट्स अॅपवर मागच्या सगळ्या तारखांचा रोजनामा वाचा. पक्षकार म्हणतो, 'काहीच झालं नाही,' आणि रोजनाम्यात कैफियतीशिवाय (प्रतिवादीच्या लेखी उत्तराशिवाय) दावा पुढे चालवण्याचा आदेश झालेला असतो.

काय होऊ शकतं आणि काय होणार नाही हे सरळ सांगा. 'काळजी करू नका, सुटेल' हे वाक्य वापरू नका. पैसे घेतले नसले तरी गुप्तता पाळायचीच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 132 वं कलम मोफत पक्षकारालाही तितकंच लागू आहे. पक्षकारासोबतचा फोटो समाजमाध्यमांवर टाकून 'आज एका गरीब मातेला न्याय मिळवून दिला' असं लिहू नका. वकिलाने जाहिरात करू नये हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या बाईला उद्या त्याच वस्तीत राहायचं आहे.

6. रिमांड आणि जामीन

या कामावर मी जास्त लिहितो, कारण इथे एका तासाच्या मेहनतीने माणसाचे महिने वाचतात.

मोफत वकिलाचा हक्क घडवणाऱ्या निकालांत महाराष्ट्रातून गेलेले निकाल महत्त्वाचे आहेत. 1978 च्या होस्कोट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. 1983 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या महिलांबद्दल लिहिलेल्या पत्रावर कोर्टाने आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. 2012 च्या कसाब निकालात म्हटलं की पहिल्यांदा हजर केल्यावरच मॅजिस्ट्रेटने आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क समजावून सांगितला पाहिजे. रिमांड कोर्टात (अटकेतल्या आरोपीच्या कोठडीचा निर्णय होतो तिथे) उभं राहताना हे तीन निकाल हाताशी असू द्या.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्याआधीचा गुन्हा असेल तर कलमं जुनी, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. हे तपासल्याशिवाय अर्ज टाइप करू नका.

रिमांडच्या दिवशी हे पाहा:

अटकेची वेळ. मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायच्या 24 तासांचा हिशेब स्टेशन डायरीतल्या वेळेवरून करू नका, माणसाला खरोखर कधी उचललं ते विचारा.

अटकेची कारणं. ती लेखी दिली का, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का? मुंबईतल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात कारणं लेखी द्यावीत. अटकेच्या क्षणी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायलाच हवीत.

मारहाण. आरोपीला पोलिसांपासून दोन पावलं बाजूला घेऊन विचारा. हो म्हणाला तर मॅजिस्ट्रेटसमोर तोंडी सांगायला लावा, नोंद झाली का बघा आणि वैद्यकीय तपासणी मागा.

वय. मुलगा 'एकोणीस' सांगतो आणि प्रत्यक्षात सतरा असतो, कारण पोलिसांनी अंदाजाने लिहिलेलं असतं. शाळेचा दाखला मागवा. बाल न्याय अधिनियमात आधी शाळेचा दाखला, मग महापालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी असा क्रम आहे. अठराखालचा निघाला तर त्याचं ठिकाण बाल न्याय मंडळापुढे आहे, आर्थर रोडला नाही.

आता जामिनाकडे. समजा गोवंडीच्या एका मुलावर मोबाईल चोरीचा गुन्हा आहे आणि कोर्टाने 15 हजारांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार असा आदेश दिला. नवा वकील इथे केस संपली असं समजतो. खरी अडचण इथून पुढे आहे, कारण त्या मुलाला जामीनदारच नाही. म्हणून जामीन अर्जातच विनंती लिहा की तूर्त रोख जामिनावर सोडावं आणि जामीनदार आणायला काही आठवडे द्यावेत. मुंबईच्या कोर्टांत ही विनंती रोजची आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

जामीनदार असेल तर त्याचे कागद आदल्या दिवशी स्वतः तपासा: आधार, पॅन, रेशन कार्ड, लाइट बिल, पगाराची स्लिप किंवा मालमत्तेचा कागद, फोटो. सगळ्यांवरचा पत्ता एकच हवा. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक फिरतात. त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नका. कागद बनावट निघाले तर मुलगा पुन्हा आत जातो आणि वकिलावरही गुन्हा येऊ शकतो.

आदेश होऊनही माणूस आत राहिला, तर 31 जानेवारी 2023 चे सुप्रीम कोर्टाचे निर्देश वापरा. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तो महिना कधी पुरा होतो ते डायरीत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी अर्ज द्या. पैशाअभावी अडकलेल्या कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची मदत योजनाही आहे, तिचा प्रस्ताव जिल्हा पातळीवरच्या समितीपुढे जातो.

दोन मुदती प्रत्येक फाईलच्या कव्हरवर लिहा. पहिली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 खालचे 60 किंवा 90 दिवस. आरोपपत्र त्या मुदतीत आलं नाही तर जामीन हा हक्क बनतो, पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला तरच. दुसरी, त्याच संहितेचं कलम 479. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ कोठडीत गेला, तर सुटकेचा मार्ग खुला होतो. त्या मुलाच्या चोरीच्या कलमाला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिला गुन्हा असेल तर एक वर्ष. जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस प्रलंबित असतील तर अडचण येते, म्हणून जुनी प्रकरणं आधी विचारून घ्या.

तुरुंगातून वकीलपत्र (वकिलाला केस चालवण्याचा अधिकार देणारा कागद) घेताना आरोपीची सही तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित व्हावी लागते. त्याला दोन-तीन दिवस जाऊ शकतात. हे गणित मांडूनच तारीख मागा.

7. कौटुंबिक हिंसाचार आणि घराच्या नोटिसा

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली बाई सध्या जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज करता येतो. माहेर कुर्ल्याला असेल तर तिला सासरच्या बोरिवलीला खेपा घालायला लावू नका. अंतरिम पोटगीचा अर्ज मुख्य अर्जासोबतच द्या, आणि नोव्हेंबर 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र जोडा. ते नसल्यामुळेच कित्येक पोटगीचे अर्ज महिनोन्‌महिने तहकूब होत राहतात. पोटगी, मालमत्ता, हिंसा आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महिलांना महाराष्ट्रात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे, तरीही खिडकीवर कधी कधी मागितली जाते. अधिसूचनेची प्रत जवळ ठेवा.

झोपडी रिकामी करण्याच्या नोटिशीवर पहिली नजर तारखेवर टाका. दाद मागायची मुदत थोडी असते, आणि माणूस बहुधा शेवटच्या दोन दिवसांत येतो. फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), मतदार यादीतलं नाव, जुनं लाइट बिल, परिशिष्टातली (पात्र झोपडीधारकांच्या यादीतली) नोंद एवढं त्याच संध्याकाळी गोळा करा. हा विषय गुंतागुंतीचा आहे. पहिली केस एकट्याने घेऊ नका.

8. किती केसेस घ्यायच्या

पहिल्या वर्षी एका वेळी दोन, फार तर तीन. आणि शक्यतो एकाच भागातल्या. सकाळी फोर्टला सेशन्स कोर्ट आणि दुपारी दिंडोशी असा दिवस कागदावर जमतो, बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत) जमत नाही. कुठे नंबर कधी लागेल सांगता येत नाही. वांद्रे आणि कुर्ला, किंवा गिरगाव आणि किल्ला कोर्ट अशा जोड्या करा. दोन समविचारी ज्युनियरशी आधीच ठरवून ठेवा की अडचणीच्या दिवशी एकमेकांच्या मॅटरमध्ये उभं राहायचं, आणि वकीलपत्रावर त्यांचीही नावं घाला.

आपली पैशाची वकिली चालू ठेवायला संकोचू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 46 वा नियम गरिबाला मोफत मदत करणं हे वकिलाचं फार वरच्या दर्जाचं कर्तव्य मानतो, आणि ते त्याच्या आर्थिक परिस्थितीच्या मर्यादेत असं स्पष्ट म्हणतो.

9. केस सोडावी लागली तर

नोकरी लागते, आजारपण येतं, शहर बदलतं. केस सोडणं गुन्हा नाही, न सांगता सोडणं मात्र पक्षकाराला बुडवतं. पॅनलची केस असेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा म्हणजे दुसरा वकील नेमला जाईल. स्वतः घेतली असेल तर नवा वकील मिळेपर्यंत तारखांना उभे राहा, मग त्या वकिलाला केस घ्यायला ना हरकत द्या. फाईलसोबत एक पान स्वतःच्या हाताने लिहून जोडा: आजवर काय झालं, पुढची तारीख कोणत्या कामासाठी आहे, कोणता साक्षीदार राहिला, कोणती मुदत कधी संपते, आणि पक्षकाराचे दोन्ही फोन नंबर. ते पान पक्षकाराला वाचून दाखवा आणि त्याची एक प्रत त्याच्याजवळ द्या.